बिनदात्यांचे तिकीट: खरे, कातरलेले की दुसऱ्याच कशातून कापलेले?

जुना अल्बम चाळताना किंवा मिश्र तिकिटांचे पाकीट निवडताना हा प्रसंग हमखास येतो. सगळी तिकिटे दातेरी आणि मध्येच एकाच्या चारही कडा सरळ, गुळगुळीत. कॅटलॉग उघडावा तर त्याच चित्राखाली बारीक अक्षरांत ‘इम्पर्फ’, म्हणजे दात्यांची छिद्रे न पाडलेले, अशी नोंद आणि तिच्यापुढे भलामोठा आकडा. इथूनच घोटाळा सुरू होतो. कॅटलॉगातली ती ओळ नेमकी कशाबद्दल आहे आणि आपल्या चिमट्यात काय आहे, याचा मेळ न घालताच तिकिटाला नाव दिले जाते. मग तेच नाव अल्बमच्या पानावर लिहिले जाते आणि पुढच्या माणसाकडे तसेच जाते.

छिद्रे पाडायची चुकून राहून गेलेले तिकीट हा निष्कर्ष सगळ्यांत शेवटी काढायचा असतो. त्याआधी चार-पाच साध्या शक्यता उभ्या असतात आणि बहुतेक वेळा उत्तर त्यांच्यातच सापडते. त्या तपासायला अर्धा मिलिमीटर दाखवणारी पट्टी, चांगले भिंग, टेबलावरचा दिवा आणि त्याच मालिकेतले एक साधे दातेरी तिकीट एवढे पुरते. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर आधी ती मिळवा, सहसा ती अगदी सहज मिळते.

सरळ कडा किती आणि कुठल्या?

ही मोजणी दहा सेकंदांची आहे, पण ती न करताच लोक पुढे जातात. एकच कड सरळ असेल, किंवा एकमेकींना लागून असलेल्या दोन कडा सरळ असतील, तर तिकीट बहुधा शीटच्या कडेचे किंवा बुकलेटमधले, म्हणजे तिकिटांच्या छोट्या पुस्तिकेतले आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सपाट प्लेटवर ४०० तिकिटे एकदम छापत आणि त्या शीटचे १००-१०० चे चार भाग कापत. जिथून सुरी फिरली तिथल्या तिकिटांना छिद्रे नसतच. कोपऱ्यावरच्या तिकिटाला दोन सरळ कडा, बाकीच्यांना एक. यात चूकही नाही आणि दुर्मिळताही नाही. बुकलेटच्या पानातल्या शेवटच्या तिकिटाला तर तीन सरळ कडा असू शकतात.

समोरासमोरच्या दोन कडा सरळ असतील तर ते कॉईलचे, म्हणजे यंत्रातून विकण्यासाठी गुंडाळी करून दिलेल्या पट्टीतले तिकीट असू शकते. ‘असू शकते’ एवढेच म्हणतो, कारण या दोन सरळ कडा कात्रीने बनवणे सर्वांत सोपे आहे. खऱ्या कॉईलच्या दोन्ही कडा यंत्राने कापलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींना काटेकोर समांतर असतात. तिकीट आलेख कागदावर ठेवून वर आणि खाली रुंदी मोजा. पाव मिलिमीटरचा फरक दिसला तरी शंका घ्या. अमेरिकी वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेत आणखी एक पक्की खूण मिळते. सपाट प्लेटवरचे चित्र साधारण १८.५ ते १९ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच भरते. रोटरी छपाईत प्लेट वाकवून रुळावर बसवत, त्यामुळे चित्र वाकवलेल्या दिशेने ताणले जाई आणि आडव्या, म्हणजे तिकिटे शेजारी शेजारी असलेल्या कॉईलमध्ये ते १९.५ ते २० मिलिमीटर रुंद होई. म्हणजे आडवी रोटरी कॉईल म्हणून दाखवलेल्या तिकिटाचे चित्र १९ मिलिमीटरपेक्षा कमी रुंद असेल, तर ते रोटरीवर छापलेलेच नाही. कडा कितीही सफाईदार असोत, कात्रीला चित्र ताणता येत नाही.

नेदरलँड्सची १९२०-३० च्या दशकातली काही तिकिटे पाहून नवशिके फार गोंधळतात. त्यांच्या कडेला दाते आहेत, पण मध्ये ठरावीक अंतराने छिद्रेच नाहीत. ती चूक नव्हे. यंत्रात पट्टी ओढली जाताना ती मध्येच फाटू नये म्हणून काही छिद्रे मुद्दाम गाळलेली आहेत. रिकाम्या जागा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसल्या की विषय संपला.

चारही कडा सरळ असतील तर पुढे वाचा.

ते जन्मापासूनच तसे आहे का?

टपाल तिकिटांना सुरुवातीला दाते नव्हतेच. ब्रिटनचे पेनी ब्लॅक ६ मे १८४० पासून चलनात आले, तेव्हा टपाल कारकून आणि ग्राहक कात्रीने किंवा सुरीने तिकिटे वेगळी करत. हेन्री आर्चर यांनी छिद्रे पाडण्याचे यंत्र पुढे आणले आणि ब्रिटनमध्ये १८५४ पासून छिद्रित तिकिटे नेहमीची झाली. अमेरिकेत ती १८५७ मध्ये आली. त्यामुळे ब्राझीलची १८४३ ची ‘बैलाचे डोळे’, केप ऑफ गुड होपची १८५३ ची त्रिकोणी तिकिटे, भारतातली १८५४ ची राणी व्हिक्टोरियाची तिकिटे हे सगळे बिनदात्यांचेच आहे आणि तसेच असायला हवे. या काळातल्या तिकिटाबाबत ‘दाते का नाहीत’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिथे पाहायचे ते समास चारही बाजूंनी शाबूत आहेत की कात्री चित्रात शिरली आहे. भारताच्या १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाची लाल चौकट अष्टकोनी असल्यामुळे ते त्या काळी अनेकदा अष्टकोनीच कापून लावले गेले. कोपरे नसलेला असा नमुना मिळाला तर तो कोणी आत्ता खराब केला असे समजू नका.

काही टपाल खात्यांनी छिद्रयंत्रे सर्वत्र रूढ झाल्यानंतरही बिनदात्यांची तिकिटे काढली. कारण बहुतेक वेळा टंचाई, युद्ध किंवा घाई. रशियात १९१७ मध्ये राजचिन्हांची तिकिटे मोठ्या संख्येने बिनछिद्री निघाली. ती आजही जुन्या अल्बममध्ये सर्रास आढळतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्यांना ‘एरर’ म्हणतो. लाटव्हियाची १९१८ ची पहिली तिकिटे कागदाच्या तुटवड्यामुळे जर्मन लष्करी नकाशांच्या मागच्या बाजूवर छापली होती आणि ती बिनछिद्रीही मिळतात. तिकीट उलटे केल्यावर रस्ते आणि नद्या दिसल्या तर घाबरू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या सुमारास जपाननेही छिद्रे आणि गोंद दोन्ही नसलेली तिकिटे काढली. नेपाळची १८८१ ची पहिली तिकिटे बिनछिद्री आणि टाचणीने टोचल्यासारख्या छिद्रांची अशी दोन्ही प्रकारची आहेत. तिबेटची १९१२ ची तिकिटे बिनछिद्री आहेत.

मग येतात संग्राहकांसाठी मुद्दाम काढलेली. हंगेरीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या बहुतेक मालिका थोड्या संख्येने बिनछिद्रीही छापल्या. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या सुरुवातीला शारजा, अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन या आखाती अमिरातींच्या नावाने निघालेल्या चित्रमय तिकिटांच्या तर दातेरी आणि बिनदातेरी अशा दोन्ही आवृत्त्या ढिगाने मिळतात. चित्रकलेची, अंतराळवीरांची, फुलपाखरांची मोठी चकचकीत तिकिटे, चारही कडा सरळ, कोपऱ्यात पुसटसा छापील शिक्का आणि मागे गोंद तसाच, असे काही हाती आले तर आधी देशाचे नाव वाचा. लहानपणी मिळालेल्या पाकिटांत हीच तिकिटे सर्वाधिक असत आणि ती सुंदरही आहेत. ती चुकीने बिनछिद्री राहिलेली नाहीत, एवढेच.

अमेरिकेचे १९३५ चे प्रकरण थोडे वेगळे आहे आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांनी नव्या तिकिटांची छिद्रे आणि गोंद नसलेली शीटे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि इतर काही जणांना भेट दिली. संग्राहकांनी आवाज उठवला, तेव्हा मार्च १९३५ मध्ये तशीच २० तिकिटे सर्वांसाठी विक्रीला ठेवावी लागली. त्यांतली बहुतेक बिनछिद्री आहेत आणि सगळीच बिनगोंदाची. म्हणून राष्ट्रीय उद्यानांच्या मालिकेतले सरळ कडांचे कोरे तिकीट मिळाले तर ते उलटून पाहा. मागे गोंद नाही आणि समास प्रशस्त आहेत, तर ते याच छपाईतले असण्याची शक्यता मोठी.

कात्री: सर्वांत मोठा संशयित

ही सगळी शक्यता बाजूला पडली, मालिका नेहमी दातेरीच निघते आणि हातातले तिकीट मात्र सरळ कडांचे, असे झाले की मोजमाप सुरू करा. कॅटलॉग अजून बंदच ठेवा.

दातेरी तिकीट टेबलावर ठेवा आणि शंकेचे तिकीट त्याच्यावर, चित्रावर चित्र येईल असे ठेवा. खालच्या तिकिटाचे दाते वरच्याच्या बाहेर डोकावतात का? चारही बाजूंनी डोकावत असतील तर वरचे तिकीट कातरलेले असण्याचा संशय पक्का होत जातो. यामागचा हिशेब सोपा आहे. समजा, दातेरी तिकिटाची रुंदी एका दात्याच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंत २१ मिलिमीटर आहे आणि छिद्राचा व्यास साधारण १ मिलिमीटर. दाते पूर्ण घालवायचे तर दोन्ही बाजूंनी निदान अर्धा अर्धा मिलिमीटर कागद जायलाच हवा. म्हणजे कातरलेले तिकीट २० मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. उलट, ज्या शीटवर छिद्रे पडलीच नाहीत तिथले तिकीट दोन चित्रांच्या बरोबर मधून कापले तर २१ मिलिमीटर भरते आणि थोडे पलीकडून कापले तर त्याहूनही जास्त.

इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. लोक एका बाजूचा रुंद समास दाखवतात आणि म्हणतात, ‘एवढा कागद शिल्लक आहे, म्हणजे कातरलेले कसे असेल?’ दातेरी शीटवर चित्रे नेहमी छिद्रांच्या मधोमध बसतातच असे नाही. चित्र डावीकडे सरकले असेल तर उजवीकडे तीन मिलिमीटर आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही, असे दातेरी तिकीटही मिळते. ते कातरले तर उजवा समास रुंदच राहणार. म्हणून एका समासावरून काही ठरवू नका. या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण रुंदी मोजा, मग पूर्ण उंची मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे ते लागतील.

मोजमापालाही मर्यादा आहेत. छिद्रयंत्राची ओळ सरकली तर काही दातेरी तिकिटे नेहमीपेक्षा रुंद निघतात. अशी ‘जम्बो’ तिकिटे मुद्दाम निवडून कातरणारे लोक पूर्वीपासून आहेत, कारण कातरल्यावरही रुंदी पुरेशी राहते. दुसरे, कधीकधी शीटच्या कडेचे तिकीट आणि मोकळा समास यांच्यामधली छिद्रांची ओळ राहून जाते. अशा तिकिटाचे उरलेले तीन दातेरी काठ कातरले की चौथ्या बाजूला भरपूर कागद उरतो आणि सगळे मिळून छान ‘इम्पर्फ’ दिसते. तिसरी गोष्ट याच्या उलट बाजूची: पेनी ब्लॅकच्या शीटवर २४० तिकिटे इतक्या दाटीने छापलेली होती की खऱ्या, बिनछिद्री जन्मलेल्या नमुन्यांचेही समास केसाएवढे असतात. तिथे अरुंद समास हा कात्रीचा पुरावा धरता येत नाही.

याच कारणाने आधुनिक चुकीच्या इम्पर्फची नोंद कॅटलॉगमध्ये सहसा जोडीची, म्हणजे एकमेकांपासून न सुटलेल्या दोन तिकिटांची असते. सुट्ट्या तिकिटाबद्दल कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी ते सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. जोडीत मात्र दोन चित्रांमधली जागा साक्ष देते, तिथे कात्री चालवता येत नाही. तरीही जोडी मिळाली म्हणून थांबू नका. फक्त दोन तिकिटांच्या मधली एक ओळ राहून गेली आणि बाकी सगळीकडे दाते होते, अशी जोडी ही वेगळी, तिचे स्वतःचे मोल असलेली वस्तू आहे. तिचे बाहेरचे काठ कातरून तिला पूर्ण बिनछिद्री जोडी म्हणून पुढे केले जाते. म्हणून जोडीचेही बाहेरचे मोजमाप घ्या. खरी पूर्ण बिनछिद्री जोडी बाहेरच्या बाजूंनाही ऐसपैस असायला हवी.

छिद्रे ‘नाहीत’ की ‘दिसत नाहीत’?

काही वर्षांपूर्वी एका मिश्र संग्रहातून माझ्या हाती एक आडवी जोडी आली. मधली जागा समोरून पाहता कोरी करकरीत. बाहेरची रुंदी बरोबर, वरखालची उंची बरोबर, गोंद मूळचा. दोन दिवस मी ती रोज काढून पाहत होतो. तिसऱ्या रात्री दिवा टेबलाच्या पातळीला आणून उजेड जोडीच्या मागच्या बाजूवर आडवा पाडला, आणि गोंदात बारीक खळग्यांची एक सरळ ओळ उमटली. समान अंतराने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. यंत्राच्या सुया बोथट झाल्या होत्या किंवा पुरेशा खाली गेल्या नव्हत्या. त्यांनी कागद दाबला, पण भोसकला नव्हता.

याला आंधळी छिद्रे म्हणतात आणि खऱ्या इम्पर्फच्या व्याख्येत ती बसत नाहीत. सुयांची खूण कुठेही नको, ना कागदात, ना गोंदात. हा नियम कडक वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. इम्पर्फ ही नोंद शीट छिद्रयंत्रात गेलीच नाही हे सांगते आणि खळगा ती गेली होती हे सांगतो. दोन वेगळ्या घटनांना एकच नाव दिले तर नोंदीला अर्थ उरत नाही. आंधळ्या छिद्रांच्या जोडीचे पान वेगळे करावे, ते पाहण्यासारखे असते.

तपासायची पद्धत अशी: खोली अंधारी करा, एकच दिवा ठेवा आणि उजेड कागदाला जवळजवळ समांतर येईल असा धरा. समोरून पाहा, मागून पाहा, मग तिकीट ९० अंशांत फिरवून पुन्हा पाहा. मऊ किंवा जाड कागदावर खळगे समोरून बुजलेले असतात, मागून सापडतात. वापरलेल्या, पाण्यात सोडवलेल्या तिकिटात ओला कागद फुगून खळगे जवळजवळ नाहीसे होतात. तिथे भिंगाने तंतूंची रचना पाहावी लागते. ओळीत एखाददुसरे छिद्र पूर्ण भोसकलेले असेल तर शोध तिथेच संपतो.

रुलेट हाही वेगळा प्रकार इथेच सांगतो. रुलेटमध्ये कागद काढून टाकत नाहीत, नुसते चिरे पाडतात. चिऱ्यांची टोके कात्रीने सारखी केली की कड अगदी साधी सरळ दिसते. फिनलंडच्या १८६० च्या तिकिटांचे नागमोडी मोठे दाते तुटून गेले की तीही कातरलेल्या इम्पर्फसारखी भासतात. मालिका रुलेटची आहे का, हे कॅटलॉगात आधी पाहिले तर फुकटचा शोध वाचतो.

तिकिटावरची बाकीची माहिती काय सांगते

कडा खोटे बोलू शकतात, पण तिकिटावरच्या इतर गोष्टी कात्रीला बदलता येत नाहीत. ब्रिटनचे पेनी रेड घ्या. ते १८४१ पासून बिनछिद्री निघाले आणि १८५४ पासून छिद्रित. बिनछिद्री काळातल्या तिकिटाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत तारे असतात आणि अक्षरे फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत. चारही कोपऱ्यांत अक्षरे असलेले पेनी रेड १८६४ पासूनचे, म्हणजे छिद्रित काळातले. त्याच्या कडा सरळ असतील तर कात्री चाललेली आहे असे धरून चाला. जलचिन्हही मदत करते. बिनछिद्री काळातल्या कागदात छोटा मुकुट असतो आणि मोठा मुकुट १८५५ पासून आला. सरळ कडांचे तारेवाले पेनी रेड, पण मागे मोठा मुकुट, असे असेल तर तेही कातरलेले समजा. या दोन्ही बाबतींत काही प्लेट्सचे खरे बिनछिद्री नमुने माहीत आहेत, पण ते इतके विरळ आहेत की प्रमाणपत्राशिवाय त्यांचा विचारही करू नये.

अमेरिकेचे ग्रँट यांचे चित्र असलेले चार सेंटचे तिकीट याहून सोपे आहे. १९०८ मध्ये ते विक्रीयंत्रे बनवणाऱ्या शेर्मॅक कंपनीसाठी बिनछिद्री छापले गेले आणि कंपनीने सगळ्यांना बाजूने आपली आयताकृती लांबट छिद्रे पाडली. म्हणून ती लांबट छिद्रे नसलेले, चारही कडा सरळ असलेले चार सेंट ग्रँट मिळाले तर त्याला एकच स्पष्टीकरण उरते. आणि लांबट छिद्रे असली तरी ती मागाहून पाडलेली असू शकतात. तिथे पुन्हा रुंदी मोजा.

वापरलेल्या तिकिटावर शिक्का पाहा. तिकीट मूळ पाकिटावर असेल आणि शिक्क्याची शाई तिकिटावरून सरळ पाकिटावर उतरत असेल, तर त्या दिवशी त्या तिकिटाची कड तिथेच होती हे कळते. ही फार मोलाची साक्ष आहे. म्हणून पाकिटावरचे शंकास्पद तिकीट कधीही पाण्यात सोडवू नका. शिक्क्यातली तारीख वाचता आली तर ती त्या छपाईच्या काळाशी जुळते का, हेही बघा.

तिकीटच नाही, कापलेला तुकडा

पूर्वी टपाल खाती छापील तिकिटासह पाकिटे, कार्डे आणि वृत्तपत्रांच्या पट्ट्या विकत. त्यांवरचे तिकीट चौकोनी कापले की ते बिनछिद्री तिकिटासारखे दिसते. संग्रहांत अशा तुकड्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून खूप जास्त आहे. बोटाने हलकेच चाचपा: उठावाचे चित्र, जाड कागद आणि मागे गोंदाचा मागमूस नाही, असे असेल तर तो पाकिटाचा तुकडा असण्याची शक्यता मोठी. उजेडात धरल्यावर कागदात तिरक्या बारीक रेघा दिसल्या तर ती शक्यता आणखी वाढते, कारण अमेरिकी छापील पाकिटांच्या रेघांच्या कागदात त्या तिरक्याच येतात.

ब्रिटनच्या उठावाच्या तिकिटांमुळे इथे गोंधळ होतो. १८४७ ते १८५४ या काळात सहा पेन्स, दहा पेन्स आणि एक शिलिंग ही तीन मूल्ये उठावाची आणि बिनछिद्री, खरीखुरी चिकटवायची तिकिटे होती. त्यांतल्या दहा पेन्स आणि एक शिलिंगच्या कागदात रेशमी धागे आहेत, सहा पेन्सच्या कागदात व्ही आणि आर ही अक्षरे जलचिन्ह म्हणून आहेत. पण याच प्रकारची उठावाची एक आणि दोन पेन्सची चित्रे केवळ पाकिटांसाठी होती, आणि रेशमी धागा त्या पाकिटांतही सापडतो. म्हणून धागा दिसला की उडी मारू नका, आधी मूल्य वाचा. गुलाबी एक पेनी किंवा निळे दोन पेन्स उठावाचे असेल तर ते पाकिटातून कापलेलेच आहे.

स्मरणिका शीटांचेही तसेच. अनेक स्मरणिका शीटांत तिकिटे बिनछिद्री छापलेली असतात आणि कोणीतरी कधीतरी ती कापून वापरलेली असतात. चित्राच्या बाहेर, समासात एखाद्या नक्षीची रेघ, रंगाचा पट्टा किंवा अक्षराचा तुकडा उरला आहे का, ते भिंगाने बघा. तसे असेल तर ते बिनछिद्री शीटवरचे रीतसर तिकीट आहे आणि त्याची नोंद शीटच्या नोंदीखाली मिळेल.

प्रूफ, नमुने आणि छापखान्याची रद्दी

तिकीट जरुरीपेक्षा सुबक दिसत असेल, रंग नेहमीपेक्षा खोल किंवा अगदीच भलता असेल, कागद पुठ्ठ्यासारखा जाड किंवा चिनी कागदासारखा पातळ असेल आणि गोंद नसेल, तर ते प्रूफ, म्हणजे छापखान्याने तपासणीसाठी काढलेला ठसा असण्याची शक्यता तपासा. प्रूफना सहसा छिद्रे पाडत नाहीत. फ्रान्सची अनेक तिकिटे बिनछिद्री नमुन्यांत आणि वेगवेगळ्या रंगांच्या चाचण्यांत मिळतात. प्रूफ म्हणून त्यांचे मोल वेगळे असते आणि कधीकधी चांगलेच असते. फसवणूक होते ती पुठ्ठ्यावरच्या प्रूफचा मागचा थर सोलून, गोंद लावून ते ‘बिनछिद्री तिकीट’ म्हणून विकण्यात. सोललेल्या कागदाची जाडी एकसारखी नसते. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा आणि दातेरी तिकिटाशी ताडून पाहा.

छापखान्यातून बाहेर पडलेली रद्दी हीसुद्धा बिनछिद्री असते: दोनदा छापलेली, तिरकी, एखादा रंगच नसलेली. ती टपाल खात्याने कधी विकली नव्हती, त्यामुळे कॅटलॉगातल्या एररच्या नोंदीत ती बसत नाही.

स्वतः चिकटणाऱ्या आजच्या तिकिटांत छिद्रांऐवजी साच्याने नागमोडी काप दिलेला असतो. तो काप राहून गेला तर पाठीचा कागद आणि तिकिटे एकसंध दिसतात. इथेही अट जोडीची, आणि पाठीच्या कागदासकट. अमेरिकी टपाल खात्याने २०१२ पासून काही वर्षे मुद्दाम काप न दिलेली मोठी छपाईशीटेही विकली. त्यामुळे त्या काळातले काप नसलेले तिकीट मिळाले म्हणून ते चुकीने सुटले असे म्हणता येत नाही.

हे मात्र करू नका

कड सरळ करण्यासाठी तिकिटाला कात्री लावू नका, अगदी अर्धा मिलिमीटर बाहेर आलेला कागददेखील ठेवा. तोच कागद उद्या पुरावा असेल. गोंद शाबूत असलेले तिकीट भिजवू नका. जलचिन्ह पाहण्याचा द्रव वापरण्यापूर्वी छपाईचा प्रकार पाहा, काही शाया द्रवात फिकटतात. मागे हिंज, म्हणजे अल्बममध्ये तिकीट लावायचा कागदी तुकडा, चिकटलेला असेल तर ओढू नका. आणि जोडी कधीही फाडून दोन सुटी तिकिटे करू नका. मी अशी एक फाडलेली जोडी पाहिली आहे, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावलेले. मधली जागा सांगू शकली असती ते आता कोणीच सांगू शकत नाही.

सगळ्या चाचण्यांतून पार पडलेले तिकीट मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती किंवा न्यूयॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन अशी कामे करतात. पाठवताना चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहा: पूर्ण रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये, त्याच मालिकेतल्या दातेरी तिकिटाची तीच मापे, जलचिन्ह, कागदाची जाडी आणि ते तिकीट तुमच्याकडे कुठून आले. सोबत ते दातेरी तिकीटही वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवा. उत्तर येईपर्यंत अल्बममध्ये त्या जागी पेन्सिलने फक्त एवढे लिहा: ‘चारही कडा सरळ, तपासणी बाकी.’